स्पॅनिश डान्सर नाचते कशाला?

एकाने विचारलंय, स्पॅनिश डान्सर ही लाल समुद्री गोगलगाय जोडीदाराला भुलवायला नाचते का. नाही हो. एरवी ती अंगाची कड वर गुंडाळून तळावर सरपटतच असते, तेही बहुतेक रात्री. कोणी डिवचलं की ती कड उलगडते, लाल-पांढरा घेर पसरतो आणि अंगाच्या लाटा करत बाईसाहेब पोहत सुटतात. घेरदार झग्याची आठवण होते, म्हणून हे नाव.

शास्त्रीय नाव हेक्झाब्रँकस, म्हणजे सहा कल्ल्यांची. तिच्या जातभाईंपैकी बरेच जण कल्ले खिशात ओढून घेतात, हिला ते जमत नाही. लांबी ४० सेंटीमीटरच्याही पुढे जाऊ शकते, गोगलगायीच्या मानाने धिप्पाडच!

मला खरं अप्रूप अंड्यांचं. गुलाबी-लाल फीत अशी गुंडाळलेली, की खडकावर गुलाब उमललाय असं वाटावं. ही डान्सर स्पंज नावाचे समुद्री प्राणी खाते, त्यांच्यातली विषारी द्रव्यं अंगात साठवते आणि अंड्यांतही उतरवते. मासे सहसा तोंड लावत नाहीत. फॅव्होरिनस नावाची इवलीशी गोगलगाय मात्र हीच अंडी आवडीने खाते.

आणि फोटो मिळाला तर कल्ल्यांपाशी नीट बघा. तिथे बऱ्याचदा एखादी छोटी एम्परर कोळंबी फुकटात सफर करत असते.