स्कोअर उतरला म्हणजे मूल मागे गेलं असं नाही
एका ताईंनी लिहिलंय की मुलाचा वाचनाचा स्टँडर्ड स्कोअर दोन वर्षांत ८५ वरून ८१ झाला म्हणजे स्पेशल एज्युकेशनचा काही उपयोग नाही, तर एवढ्यात तसं धरू नका. आधी रॉ स्कोअर (म्हणजे किती उत्तरं बरोबर आली तो थेट आकडा) मागून घ्या, मूल स्वतः पुढे गेलंय का ते त्यात दिसतं. स्टँडर्ड स्कोअर म्हणजे त्याच वयाच्या मुलांशी तुलना, सरासरी १००, त्यामुळे आपलं मूल शिकत असतं पण बाकीची जास्त वेगाने पुढे गेली की आकडा खाली येतो. आणि ४ पॉइंटचा फरक टेस्टच्या एररमधलाही (मोजण्यात होणारी थोडी चूकभूल) असू शकतो. पर्सेंटाइलला टक्के समजू नका हं (मी वर्षभर समजत होते 😀), ८५ म्हणजे साधारण १६वा पर्सेंटाइल, म्हणजे त्या वयाच्या १०० मुलांपैकी साधारण १६ मुलं त्या स्कोअरवर किंवा खाली, १०० पैकी १६ मार्क नव्हे.

खरं तर एवढ्या अंतराने होणाऱ्या मोठ्या टेस्टवर विसंबूच नये, दर आठवड्याला १ मिनिट उतारा वाचून घ्यायचा, बरोबर वाचलेले शब्द मोजायचे, ग्राफवर टिंब टाकायचं, ध्येयाची रेष (आजच्या आकड्यापासून ठरवलेल्या ध्येयापर्यंत) आधीच आखलेली हवी. लागोपाठ ४ टिंबं रेषेखाली आली की शिकवायची पद्धत बदला असं शाळेच्या मीटिंगमध्ये ठामपणे सांगता येतं, मग 'छान प्रोग्रेस आहे' म्हणून कोणी कटवत नाही.