एकाच संस्थेत दोन सभासदांना आपसात गाळे (फ्लॅट) बदलायचे आहेत: प्रीमियम लागतो का? दस्त एक की दोन?

प्रश्न: तळमजला_हवा

नमस्कार मंडळी. यवतमाळ जिल्ह्यात तालुक्याच्या ठिकाणी १६ गाळ्यांची सहकारी गृहनिर्माण संस्था आहे. नगर परिषद 'क' वर्ग. तळमजला आणि वर तीन मजले, लिफ्ट नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या एका सभासदाच्या आईला जिना चढणं होत नाही. तळमजल्यावरचे सभासद वर जायला तयार आहेत. तळमजल्याचा गाळा ४१० चौरस फूट, वरचा ४६५, म्हणून वर जाणारे फरकाचे एक लाख देणार.

समितीचं म्हणणं, दोघांनी दहा-दहा हजार प्रीमियम (हस्तांतरणासाठी शुल्काशिवाय संस्थेला द्यायची रक्कम) भरावा आणि पाचशेच्या मुद्रांकावर नोटरी करून किल्ल्या बदलाव्यात. हे बरोबर आहे का? तळमजल्याच्या गाळ्यावर बँकेचं कर्ज चालू आहे.

उत्तर: दप्तरी_कारकून

भाऊ, दोन्ही गोष्टी चुकीच्या आहेत.

आधी प्रीमियम. दहा हजार हा आकडा आला कुठून, तर 'क' वर्ग नगर परिषदेसाठी हस्तांतरण प्रीमियमची ती कमाल मर्यादा आहे. महानगरपालिकेत २५,०००, 'अ' वर्गात २०,०००, 'ब' वर्गात १५,००० आणि ग्रामपंचायत हद्दीत ५,०००. पण आदर्श उपविधीतल्या (संस्थांसाठीच्या नमुना नियमांतल्या) त्याच तरतुदीत पुढे लिहिलं आहे की कुटुंबातल्या व्यक्तीच्या नावे, मृत्यूनंतर वारस किंवा नामनिर्देशित व्यक्तीच्या नावे आणि सभासदांनी आपसात गाळे बदलले तर प्रीमियम घ्यायचा नाही. समितीने अर्धीच ओळ वाचली. संस्थेच्या छापील उपविधीची प्रत काढा, तो परिच्छेद अधोरेखित करून अर्जाला जोडा. हस्तांतरण शुल्क मात्र लागतं, ५०० रुपये. ते दोघांनीही भरायचं.

अर्ज दोघांच्या सहीचा, संयुक्त, सचिवाच्या नावे. त्यात गाळा क्रमांक, दोघांचे भाग दाखला (शेअर सर्टिफिकेट) क्रमांक, बदलाचं कारण आणि थकबाकी नसल्याचं लिहा. पत्नी किंवा मुलगा सहयोगी सभासद असेल तर त्याचीही सही घ्या, ती राहिली की सगळं अडतं. दुसऱ्या प्रतीवर सचिवाची पोच आणि तारीख घ्यायला विसरू नका, कारण पुढची सगळी मुदत त्या तारखेवरून मोजली जाते. समितीने तीन महिन्यांत निर्णय द्यायला हवा. टाळाटाळ झाली किंवा नकार आला तर तालुक्याच्या सहायक निबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे जायचं. तिथे पहिला प्रश्न पोच असलेल्या प्रतीचाच येतो.

आणखी एक. भाग किमान एक वर्ष नावावर असल्याशिवाय हस्तांतरित होत नाहीत, अशी अट बऱ्याच संस्थांच्या उपविधीत असते. दोघांपैकी कोणी अलीकडेच सभासद झालं असेल तर आधी तारीख तपासा.

दस्त झाल्यावर काम संपलं असं समजू नका. समितीचा ठराव, मग भाग दाखल्याच्या मागच्या बाजूच्या तक्त्यात नोंद. त्यात सभेची तारीख, ज्याच्या नावे झाला त्याचं नाव, नोंदवहीतला क्रमांक, आणि खाली अध्यक्ष, सचिव व एका समिती सदस्याची सही, शिवाय शिक्का. सोबत 'आय' नमुन्यात (सभासद नोंदवही) आणि 'जे' नमुन्यात (सभासद यादी) गाळा क्रमांक बदलून घ्या. बऱ्याच ठिकाणी दाखल्यावर नोंद होते आणि 'आय' नमुना तसाच जुना राहतो. पुढे विक्रीच्या वेळी तेच आडवं येतं.

उत्तर: दस्तलेखनिक_वऱ्हाड

नोटरीच्या कागदाने स्थावर मालमत्तेचा हक्क जात नाही. आज दोघांचं जमतं म्हणून चालेल. उद्या एकाचे वारस आले की कागदोपत्री ते जुन्याच गाळ्याचे मालक. म्हणून नोंदणीकृत अदलाबदल दस्तच करा.

दस्त एकच, परिशिष्टं दोन. एका परिशिष्टात तळमजल्याचा गाळा, दुसऱ्यात तिसऱ्या मजल्याचा, दोन्हींच्या चतुःसीमा आणि चटई क्षेत्रासह. मुद्रांक शुल्क दोन्हीच्या बेरजेवर लागत नाही, ज्या गाळ्याचं बाजारमूल्य जास्त त्याच्यावरच लागतं. उदाहरण म्हणून समजा, एकाचं मूल्य १० लाख आणि दुसऱ्याचं १२ लाख. अदलाबदल दस्तात शुल्क १२ लाखांवर, दोन वेगळी खरेदीखतं केली तर २२ लाखांवर. नोंदणी फी १ टक्का, कमाल ३०,०००. लिफ्ट नसलेल्या इमारतीत वरच्या मजल्याला मूल्यांकनात घट मिळते, त्यामुळे क्षेत्र मोठं असूनही तिसऱ्या मजल्याचं मूल्य वाटतं तितकं चढणार नाही. दोन्हींचं मूल्यांकन दुय्यम निबंधकांकडून आधीच काढून घ्या.

फरकाचे एक लाख दस्तात स्पष्ट लिहा आणि बँकेतूनच द्या. जमीन-घराच्या व्यवहारात २०,००० किंवा त्याहून जास्त रक्कम रोख घेतली तर आयकराचा दंड बसतो. आयकराच्या नजरेत अदलाबदल हेही हस्तांतरणच आहे, तेव्हा दोघांनी आपली मूळ किंमत आणि वर्ष सांगून हिशेब करून घ्यावा. सह्या झाल्यापासून चार महिन्यांच्या आत दस्त नोंदणीला गेला पाहिजे.

जुन्या संस्थांमध्ये खरी अडचण वेगळीच निघते. मूळ वाटपपत्र साध्या कागदावर असतं, शुल्क कधी भरलेलंच नसतं. तसं असेल तर आधी मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यांकडे अभिनिर्णय (किती शुल्क लागतं ते ठरवून) करून घ्या. कमी भरलेल्या शुल्कावर दरमहा २ टक्के दंड चढतो, म्हणून हे काम पुढे ढकलू नका.

कर्जाचं: मूळ कागद बँकेत असतील, म्हणून सुरुवात बँकेपासून. जुन्या गाळ्यावरचा बोजा उतरवून नव्यावर चढवायला बँकेचं लेखी संमतिपत्र घ्या. नवीन गहाण झालं की त्याची 'नोटीस ऑफ इंटिमेशन' (गहाणाची नोंदणी कार्यालयाला द्यायची सूचना) ३० दिवसांत दाखल करावी लागते.

तळमजला_हवा

खूप उपकार झाले. आखीव पत्रिका (जमिनीचं प्रॉपर्टी कार्ड) काढली. जमीन नझूलची (गावठाण-शहरातली शासकीय) आहे, संस्थेला भाडेपट्ट्याने दिलेली. याने काही बदलतं का?

उत्तर: दप्तरी_कारकून

हो, क्रमच बदलतो. आपल्या विदर्भात अशा जमिनीवरच्या संस्था कितीतरी आहेत आणि घोळ याच ठिकाणी होतो. शासनाची पट्ट्याची किंवा भोगवटादार वर्ग २ ची (हस्तांतरणावर शासनाचं बंधन असलेली) जमीन असेल तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी दस्ताच्या आधी हवी. परवानगीशिवाय दस्त झाला तर तो शर्तभंग. नोटीस संस्थेला येते, म्हणजे उरलेले १४ सभासदही अडकतात. समितीला हे नीट समजावून सांगा.

संस्थेला जमीन दिल्याच्या मंजुरी आदेशाची प्रत दप्तरात असायला हवी. त्यातल्या अटी, जोडलेली सभासद यादी आणि पट्ट्याची मुदत बघा. मुदत संपली असेल तर आधी नूतनीकरण. परवानगीच्या अर्जासोबत समितीचा ठराव, मंजूर यादीची प्रत, दोघांचे भाग दाखले, आखीव पत्रिका आणि भुईभाडे भरल्याची पावती लावा. अर्जात ठळक लिहा की दोघेही आधीपासून मंजूर यादीतले सभासद आहेत, बाहेरचं कोणी आत येत नाही. नुसतं 'हस्तांतरण' असं लिहिलं तर फाईल विक्रीची म्हणून हाताळली जाते आणि तिथेच फिरत राहते.

उत्तर: मेस्त्री_काका

कागदाचं वरच्यांनी सांगितलं, मी घराचं सांगतो. अदलाबदल शक्यतो पावसाळ्यानंतर करा. तिसऱ्या मजल्याचा स्लॅब पावसातच कळतो. छताच्या कोपऱ्यात पिवळट वर्तुळ किंवा फुगलेला पोपडा दिसला तर गच्चीच्या गळतीची दुरुस्ती संस्थेने करायची आहे, ते आधी लिहून घ्या. एप्रिल-मेमध्ये वरच्या घरी नळाला कितपत दाब असतो तेही विचारा. कूलरचं स्टँड, गीझर, खिडक्यांच्या जाळ्या कोण नेणार, कोण ठेवणार, याची यादी करून दोघांनी सही करा. भांडणं यावरूनच होतात.

ताबा घ्यायच्या दिवशी दोन्ही वीजमीटरचे फोटो काढा, आकडा आणि तारीख दिसेल असे. महावितरणकडे नाव बदलायला मागचं बिल शून्य थकबाकीचं लागतं. नगर परिषदेच्या कर आकारणीत नाव बदलायला सूची क्रमांक २ (नोंदणी झालेल्या दस्ताचा उतारा, इंडेक्स टू) ची प्रत द्या. आणि नामनिर्देशन नव्याने करा, तीन प्रतींत. जुना अर्ज जुन्या गाळ्याचा आहे.

तळमजला_हवा

उद्या समितीला उपविधीचा परिच्छेद दाखवतो आणि मंजुरी आदेश शोधायला दप्तर उघडायला लावतो. बँकेचं पत्रही आजच टाकतो.

उत्तर: दप्तरी_कारकून

आदेश दप्तरात सापडला नाही तर थांबू नका. जिल्हाधिकारी कार्यालयाच्या अभिलेख कक्षातून प्रमाणित नक्कल मिळते. आखीव पत्रिकेवरचा फेरफार क्रमांक आणि तारीख अर्जात लिहिली की शोध लवकर लागतो.