मुंग्या गेल्या, पकड यायची आहे

ताई, कार्पल टनेलच्या (मनगटात नस दाबली जाण्याच्या त्रासाच्या) ऑपरेशनला सहा आठवडे झाले, रात्रीच्या मुंग्या थांबल्या, पण तळव्याच्या बुडाशी हात टेकवत नाही, म्हणून ऑपरेशन फसलं का, असं तुम्ही विचारलंय. मला तसं वाटत नाही. नसेवरचा दाब काढायला मनगटातला आडवा पट्टा कापतात. त्यामुळे तळव्याच्या बुडाचे दोन्ही बाजूंचे उंचवटे काही महिने दुखू शकतात. माझ्या उजव्या हाताचं झालं तेव्हा मीही याच दुखण्याला घाबरले होते.

पकड मागाहून येते. फोंड्याला आमच्या घरी रोज नारळ लागतो. आदोळीवर, म्हणजे खवणीच्या विळीवर, नारळाची वाटी धरून फिरवणं मला तिसऱ्या महिन्याच्या अखेरीस जमलं. तोवर पीठ मळणं, ओला टॉवेल पिळणं घरच्यांनीच केलं. जखम पूर्ण भरल्यावर खोबरेल लावून व्रणावर अंगठ्याने गोल गोल दाबायचे, रोज पाच मिनिटं. दोरीसारखी कडक लागणारी रेघ हळूहळू मऊ झाली.

बोटांच्या टोकांची बधिरता सावकाश जाते, कारण नस दिवसाला साधारण १ मिलिमीटर वाढते. पण लाली, पू किंवा वाढती सूज दिसली, बधिरपणा नव्याने आला, तर थांबू नका, लगेच सर्जनना दाखवा.