मदत हवी आहे: निर्यात दुप्पट, नफा जागच्या जागी
धारावीत आमचा चामड्याच्या पाकिटांचा कारखाना आहे, १२ कारागीर. माल न्हावा शेवाहून दुबई आणि जर्मनीला जातो. तीन वर्षांत ऑर्डरी दुप्पट झाल्या, नफा तेवढाच. नगामागे चामडं-मजुरी तपासली, फरक नाही. फॉरवर्ड कव्हर घेतो (परकीय चलनाचा दर बँकेशी आधीच ठरवतो), ईसीजीसीचा विमा आहे (परदेशी ग्राहकाने पैसे बुडवले तर भरपाई देणारी सरकारी कंपनी), ड्यूटी ड्रॉबॅकही मिळतो (निर्यात मालासाठी भरलेल्या सीमाशुल्काचा परतावा).

मला संशय जर्मनीचा आहे. पैसे ९० दिवसांनी येतात, वर दर खेपेला नवा नमुना. मागच्या वेळी धाग्याची छटा जुळली नाही म्हणून ४० पाकिटं उसवून पुन्हा शिवली. मास्टरचे (मुख्य कारागिराचे) दोन दिवस त्यातच गेले. सीए सगळा हिशेब एकत्रच मांडतात. महागडं सॉफ्टवेअर परवडणार नाही.

देशवार नफा काढताना मास्टरचा पगार, भाडं असे सामाईक खर्च विक्रीच्या प्रमाणात वाटायचे की लागलेल्या तासांवर?