मदत हवी आहे: सरबताच्या तळाशी साखर उरली, म्हणजे द्रावण संपृक्त झालं का?

पाटीपेन्सिल
सातवीच्या वर्गाला द्राव्य (जे विरघळतं), द्रावक (ज्यात विरघळतं) आणि द्रावण (दोन्ही मिळून) रोजच्या पेयांवरून दाखवायचं आहे. टेबलावर लिंबू सरबत, मिठाचं पाणी, ताक आणि सोडा असेल. करून बघताना तीन ठिकाणी अडलं.

फ्रीजमधल्या २०० मिली पाण्यात चहाचे पाच सपाट चमचे साखर घालून जरासं ढवळलं. दहा मिनिटांनीही तळाशी थर होता. याला संपृक्त, म्हणजे आणखी साखर विरघळूच शकत नाही असं, म्हणायचं का? दुसरं, मिठाचं पाणी पहिल्याच चमच्याला पांढुरकं दिसतं. आणि ताकात द्राव्य नेमकं कोणतं?

खडीसाखर
संपृक्त अजिबात नाही. पाच सपाट चमचे म्हणजे सुमारे २० ग्रॅम साखर. २० अंश सेल्सिअसला १०० ग्रॅम पाण्यात जवळजवळ २०० ग्रॅम साखर विरघळते, शून्य अंशालाही १७५ ग्रॅमच्या वर. तुमच्या पेल्यात साडेतीनशे ग्रॅमला जागा आहे. किती विरघळू शकते आणि किती लवकर विरघळते, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. मुलांची गल्लत इथेच होते, म्हणून यावर वेळ द्या.

थर का राहतो? दाण्यांना लागून असलेलं पाणी आधी गोड होतं. ते जड असल्याने तळाशीच बसून राहतं आणि कोऱ्या पाण्याला दाण्यांपर्यंत पोचू देत नाही. थंड पाण्यात हे आणखी संथ चालतं.

हे डोळ्यांना दिसतं. दोन सारखे काचेचे पेले घ्या. एकात तळाशी २० ग्रॅम खडीसाखर टाका. दुसऱ्यात तेवढीच खडीसाखर पातळ मलमलच्या पुरचुंडीत बांधून, पेल्यावर आडव्या ठेवलेल्या पेन्सिलीला अशी टांगा की ती पाण्यात जेमतेम बुडेल. कुठेच ढवळू नका. पेल्यामागे रेघांचा कागद धरला की पुरचुंडीखालून पाकाच्या नागमोडी रेषा तळाकडे उतरताना दिसतात. टांगलेली साखर बरीच आधी संपते.

सरबत करतानाही साखर आधी लिंबाचा रस आणि अर्धी वाटी साध्या पाण्यात पूर्ण विरघळवा. थंड पाणी आणि बर्फ त्यानंतर.

मीठमोहरी
संपृक्त दाखवायला मीठच घ्या, साखरेचा किलो संपेल. वजनकाट्यावर ५० ग्रॅम पाणी घ्या आणि ५-५ ग्रॅम मीठ घालत दर वेळी दोन-तीन मिनिटं ढवळा. १५ ग्रॅमपर्यंत सगळं विरघळतं, चौथ्या वेळी सुमारे २ ग्रॅम तळाशी उरतं आणि कितीही ढवळलं तरी जात नाही. मिठाची विद्राव्यता, म्हणजे जास्तीत जास्त किती विरघळू शकतं ते, १०० ग्रॅम पाण्याला सुमारे ३६ ग्रॅम आहे. उकळत्या पाण्यातही ती ३९ च्या आसपासच जाते, त्यामुळे 'गरम केलं की सगळं विरघळतं' हे मिठाला लागू पडत नाही. चमच्याने मोजू नका. चहाच्या एका सपाट चमच्यात साखर ४ ग्रॅम बसते, मीठ ६ ग्रॅम.

पांढुरकेपणाचा संपृक्ततेशी संबंध नाही. पुडीतल्या बारीक मिठात गुठळ्या होऊ नयेत म्हणून घातलेली पूड पाण्यात विरघळत नाही, ती तरंगत राहते. पुडीवरचे घटक वाचून दाखवा. गाळणकागदातून गाळलं की पाणी बरंच नितळ होतं.

ताकघुसळणी
ताकाला एकच नाव देऊ नका. पाणी द्रावक, मीठ, दुधातली साखर आणि आंबटपणा देणारं लॅक्टिक आम्ल ही द्राव्यं. दुधातली प्रथिनं आणि लोण्याचे कण विरघळलेले नसतात, आणि जिरेपूड तर सरळ खाली बसते. पातळ ताक तासभर स्थिर ठेवा आणि वरची निवळी चमच्याने चाखायला द्या. खारट आणि आंबट दोन्ही लागते, कारण द्राव्यं पाण्याबरोबर वर आली आहेत.

विरघळलेलं आणि न विरघळलेलं यातला फरक दाखवायला जोडीला अंधारात टॉर्च लावा. साखरेच्या नितळ पाण्यात झोत बाजूने जवळजवळ दिसत नाही, तेवढ्याच पाण्यात दुधाचे दोन थेंब टाकले की लख्ख पट्टा दिसतो. लिंबाचा रस इथे नको, त्यातल्या गरामुळे झोत दिसतो.

पाटीपेन्सिल
मनापासून आभार. पुरचुंडी लगेच करून बघितली, रेषा स्पष्ट दिसल्या! आता दोनच शंका. 'जास्त असेल तो द्रावक' हे वाक्य फळ्यावर लिहू का? आणि सोड्याचं काय सांगू?

खडीसाखर
तसंच लिहिलंत तर पाकाशी अडेल. गुलाबजामच्या घट्ट पाकात पाण्यापेक्षा साखर जास्त असते, तरी द्रावक पाणीच, कारण घन साखर पाण्यात उतरून द्रवरूप झाली. दोन्ही द्रव असतील तेव्हा मात्र 'जास्त तो द्रावक' चालतं.

सोड्यात द्राव्य वायू आहे, कार्बन डायऑक्साइड, आणि त्याचं साखरेच्या उलट आहे. साध्या दाबाला लिटरभर पाण्यात शून्य अंशाला सुमारे ३.३ ग्रॅम मावतो, २५ अंशाला दीड ग्रॅमच्या आसपास. बाटलीत दाब असल्याने याहून बराच जास्त असतो. एक बाटली फ्रीजमधली आणि एक बाहेरची शेजारी उघडा, खाली परात ठेवूनच. काठोकाठ सोड्यात मीठ टाकू नका. दाण्यांवर बुडबुडे धरतात आणि फेस उतू जातो. लिंबू सोड्यासाठी मीठ-साखर आधी रसात विरघळवा, मग पेला तिरपा धरून सोडा कडेने सोडा.