मदत हवी आहे : जिप्सीचा चौथा सिलिंडर

मंडळी, ऑटोक्रॉससाठी (मोकळ्या मैदानात आखलेल्या ट्रॅकवरची, घड्याळाशी शर्यत) मारुती जिप्सी किंगचं १.३ लिटर, १६ व्हॉल्व्हचं इंजिन घरीच बांधतोय. ७४ मिमीचा बोअर (सिलिंडरच्या भोकाचा व्यास) ०.५० मिमी ओव्हरसाइज करून, होनिंगसकट (आतली भिंत दगडांनी घासून नेमकी करणं) ब्लॉक कोल्हापूरच्या उद्यमनगरातून आणला. डायल बोअर गेजवर तीन सिलिंडरांत पिस्टनचा क्लिअरन्स, म्हणजे पिस्टन आणि भिंतीमधली फट, ०.०३ मिमी येतो. चौथ्यात वर तेवढाच, खाली मात्र ०.०६. मिस्त्री म्हणतात, "चालतंय की, रनिंगमध्ये बसंल!" सात हजार आरपीएमला? मला नाही पटत.

हा टेपर (वर-खाली व्यासातला फरक) चालवून घ्यावा, की दुसरा ब्लॉक शोधावा? हेडचे बोल्ट आवळले की बोअरचा गोलपणा जरा बिघडतोच, म्हणून टॉर्क प्लेट (हेडच्या जागी बोल्टांनी आवळायची जाड प्लेट) लावून होनिंग करणारं सांगली-पुण्याकडे कुणी माहीत आहे का? पिस्टनच्या रिंगा अजून घासलेल्या नाहीत, त्यांच्या टोकांमधला गॅप ०.३० मिमी धरलाय. क्रँक बॅलन्स होऊन आलाय.