मदत हवी आहे: रेडवुडच्या डोंगरातून समुद्रापर्यंत, बाबांसोबत

नमस्कार मंडळी,

बाबा (वय ६३) ऑक्टोबरात पुण्याहून आमच्याकडे कॅलिफोर्नियात सनीव्हेलला येतायत. नळीच्या वाटेने हरिश्चंद्रगड चढलेला माणूस. "मॉल दाखवू नकोस, डोंगर दाखव" असा हुकूम आधीच आलाय. गेल्या वर्षी मीच बोलण्याच्या भरात सांगून बसले की कॅसल रॉकहून निघायचं, बिग बेसिन पार्कमधल्या रेडवुडच्या उंच झाडांतून उतरायचं आणि थेट वॉडेल बीचवर पाय बुडवायचे. जवळपास ५० किलोमीटर, दोन मुक्काम. झालं, तेव्हापासून त्यांच्या डोक्यात हीच स्कायलाइन-टू-द-सी नावाची वाट!

पण ऑगस्ट २०२० च्या वणव्यात बिग बेसिनचा ९७ टक्के भाग होरपळला. पार्क जुलै २०२२ मध्ये उघडलं, तेही दिवसापुरतं. वाट तुकड्यातुकड्याने उघडतेय, त्यामुळे सलग चालण्याचा हिशेब बसत नाही. मागच्या महिन्यात जाऊन आले. बुंधे कोळशासारखे काळे आणि त्यांनाच अंगभर हिरवी पालवी, बाटली घासायच्या ब्रशसारखी. सालीखाली झोपलेले कोंब आगीनंतर जागे होतात म्हणे. बघायला सुंदर, पण पूर्वीची गर्द सावली गेलीय.

तर, तुकडे जोडून कुणी चाललंय का? एक दिवस वरून, एक दिवस वॉडेलकडून? आमच्याकडे गाडी एकच.

दुसरं म्हणजे पॉयझन ओक, हात लागला की अंगावर पुरळ उठवणारं झुडूप. बाबांना दिसेल त्या झाडाचं पान चुरगाळून हुंगायची सवय आहे. तीन पानांचं दिसलं की हात खिशात, हे त्यांच्या गळी कसं उतरवू? (तीन दगडांची चूल मांडता येणार नाही, हे अजून सांगितलेलंच नाही. पिठलं गॅसवर.)

प्रतिसाद: रानवाट
ताई, बिग बेसिनचा हट्ट सोडा. उत्तरेला ऑरिक गावाजवळ प्रेरी क्रीक पार्कला जा. गाडीने साडेसहा-सात तास, पण जंगल न जळलेलं, उंचच उंच. जेम्स अर्व्हाइन ट्रेलने सातेक किलोमीटर चाललं की फर्न कॅन्यन ही नेच्यांनी झाकलेली घळ, पुढे समुद्र. गोल्ड ब्लफ्स बीचवर तंबूची जागा आधीच बुक करा, दुसऱ्या दिवशी मायनर्स रिज ट्रेलने परत. जिथे गाडी लावली तिथेच याल. कॅन्यनमधल्या ओढ्यावरच्या फळ्या उन्हाळ्यापुरत्याच असतात, बूट भिजणारच. ऑक्टोबरात एल्क या मोठ्या हरणांचे नर माजावर असतात, फोटोसाठी जवळ जाऊ नका. अन्न तंबूत ठेवू नका, अस्वलं आहेत.

धागाकर्ती
गाडीचा प्रश्न सुटला, धन्यवाद! बाबांना फोन केला. त्यांनी एवढंच विचारलं, "चढ आहे ना?" मायनर्स रिजला बऱ्यापैकी आहे असं सांगितलंय. आता किनाऱ्यावर रात्री किती गारठा असतो तेवढं सांगा, त्यांना शाल पुरते की स्लीपिंग बॅग घेऊ?